नेट गेलं की शीतगृहाच्या नोंदी गायब: गेटवेंवरच विकेंद्रित साठवण कशी करावी?

शीतघर_पादरा

नमस्कार मंडळी,

बडोद्याच्या आसपास ११ शीतगृहांची तापमान नोंद चालते. ठिकाणं पादरा, करजण, पोर, मकरपुरा, वाघोडिया आणि सावली रस्त्यावरचं मंजुसर. प्रत्येक जागी गेटवे म्हणून रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (४ जीबी; पुढे नुसतं ‘पाय’), ३२ जीबीचं मेमरी कार्ड, सेन्सर वाचायला आरएस-४८५ तारेवर मॉडबस. तापमान, आर्द्रता, दार उघडं की बंद, कॉम्प्रेसरचा करंट आणि वीज मीटर मिळून २४ टॅग (मोजमापं), दर १० सेकंदांनी वाचन. पायवर मॉस्किटो ब्रोकर (एमक्यूटीटी पद्धतीने संदेश घेऊन पुढे देणारा प्रोग्राम), त्याचा ब्रिज भाड्याच्या सर्व्हरवरच्या ब्रोकरला, क्यूओएस १ (पोचपावती येईपर्यंत संदेश राखणं), क्लीन सेशन बंद (जोडणी तुटली तरी रांग राखणं). नेट सगळीकडे ४जी सिमचं, त्यावर वायरगार्डचं टनेल (सर्व्हरपर्यंतची कुलूपबंद खासगी वाट). सगळी रहदारी टनेलमधूनच जाते, घड्याळाची वेळसुद्धा. वेळेसाठी क्रोनी (नेटवरून वेळ जुळवणारा) आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक (बंद होण्याआधीची वेळ लक्षात ठेवणारा).

अडचणी अशा:

नेट दोन तास गेलं तर परत आल्यावर आलेखात सुरुवातीची सहा-सात मिनिटं भरून येतात, पुढचं सगळं कोरं.

वीज जाऊन आली की कधी कधी अर्ध्या तासापर्यंतच्या नोंदी जातात. दोन कार्डं तर पूर्ण मेली, त्यांच्यासोबत न पाठवलेला माल गेला.

वीज आल्यावर पाय लगेच सुरू होतो, पण टनेल लागत नाही. कधी १० मिनिटं, कधी ५०. तासाच्या वर मात्र कधीच नाही. मग आपोआप लागतं.

ग्राहकांत औषधांचे वितरक आहेत. त्यांचं विचारणं रास्त आहे: नोंद नंतर कुणी बदलली नाही हे कशावरून? म्हणून ११ गेटवेंचं खासगी आयपीएफएस जाळं (अनेक संगणकांनी मिळून फाइली पुरवायची पद्धत) करावं का, की ब्लॉकचेन लागेल? प्रती किती ठेवाव्यात?

आधी_डिस्क

आयपीएफएसकडे नंतर येऊ. तुमची पहिली अडचण साठवणीची नाही, रांगेची आहे, आणि ती तुमच्या आकड्यांतूनच दिसते.

मॉस्किटोत मॅक्स-क्यूड-मेसेजेस ही मर्यादा न सांगता १००० असते. तुमचे २४ टॅग दर १० सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला २.४ संदेश. हजारची रांग ४१७ सेकंदांत भरते, सात मिनिटांना तीन सेकंद कमी. रांग भरली की नवे संदेश टाकून दिले जातात. लॉगमध्ये ‘आउटगोइंग मेसेजेस आर बीइंग ड्रॉप्ड’ अशी ओळ सापडेल. तुमचं ‘सहा-सात मिनिटं भरतात, पुढे कोरं’ ते हेच.

अर्ध्या तासाचं कोडंही तिथलंच. ऑटोसेव्ह-इंटरव्हल ठरलेला १८०० सेकंदांचा. पर्सिस्टन्स चालू असला तरी ब्रोकर आपली रांग अर्ध्या तासातून एकदा डिस्कवर उतरवतो. मधे वीज गेली तर मेमरीतलं सगळं गेलं.

आजच्या आज करायचं ते एवढंच: मर्यादा २,५०,००० करा. दिवसाचे तुमचे संदेश २,०७,३६०, म्हणजे एक दिवस निघेल. ४ जीबीच्या पायला हे झेपतं. पण ऑटोसेव्ह ६० सेकंदांवर आणायचा मोह टाळा. मॉस्किटो दर वेळी पूर्ण फाइल नव्याने लिहितो. रांग लांबलेली असताना दर मिनिटाला काही डझन एमबी कार्डावर आदळतील, आणि कार्ड नेमकं नेट नसतानाच दमेल.

कायमचा उपाय म्हणजे ब्रोकरला गोदाम समजणं सोडणं. आधी डिस्क, मग वायर. मॉडबस वाचणारा प्रोग्राम नोंद थेट एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीतला डेटाबेस) लिहील, आणि पाठवणारा दुसरा प्रोग्राम तिथून उचलून पाठवेल. या दोघांनी एकमेकांची वाट बघायची नाही.

रकाने: गेटवे, पिढी, अनुक्रमांक, टॅग, वेळ (यूटीसी, मिलिसेकंदात), वेळेचा दर्जा, मूल्य. पहिले तीन मिळून प्रायमरी की, म्हणजे नोंदीची एकमेव ओळख. वेळ कीमध्ये अजिबात घ्यायची नाही. घड्याळ मागे गेलं की तीच वेळ पुन्हा येते आणि जुनी नोंद पुसली जाते.

‘पिढी’ म्हणजे डेटाबेस पहिल्यांदा तयार होताना काढलेला एक यादृच्छिक ३२ बिटी आकडा. तो का हवा? कार्ड बदललं की अनुक्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो. सर्व्हरवर ‘की आधीच असेल तर काही करू नका’ असा नियम असतो, तो नसेल तर दुहेरी नोंदी होतात. पिढी नसली तर सर्व्हर नव्या कार्डाच्या सगळ्या नोंदी जुन्या समजून गपचूप टाकून देतो. एरर नाही, लॉग नाही, आलेख कोरा. म्हणून त्या नियमासोबत एक तपासणीही ठेवा: की तीच पण मूल्य वेगळं, तर वेगळ्या टेबलात टाकून बोंब मारायची.

एसक्यूलाइटची सेटिंग: जर्नल मोड डब्ल्यूएएल (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिणं), सिंक्रोनस फुल. नॉर्मल ठेवलं तर वीज गेल्यावर फाइल बिघडत नाही, पण शेवटचे काही व्यवहार मागे जाऊ शकतात. तुम्हाला तेच नको आहे. २४ ओळी एका ट्रान्झॅक्शनमध्ये (व्यवहारात) लिहा, दिवसाला ८,६४० कमिट (व्यवहार पक्के) होतील. ओळीगणिक कमिट केलं तर दोन लाखांवर, आणि कार्ड गेलंच.

रोजची वेगळी फाइल करा. एकाच मोठ्या फाइलमधून जुन्या ओळी काढल्या तरी फाइल लहान होत नाही. दिवसाची फाइल सरळ काढून टाकता येते. आकार बघा: ओळीला ५० बाइट धरले तर दिवसाला साधारण १० एमबी, ९० दिवसांचा एक जीबीदेखील होत नाही. आणखी एक खोड: एखादा वाचणारा प्रोग्राम ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून बसला, तर चेकपॉइंट (डब्ल्यूएएलमधलं मूळ फाइलीत उतरवणं) पुरा होत नाही आणि डब्ल्यूएएल फाइल फुगत जाते. पाठवणाऱ्याने ५०० ओळी वाचायच्या, व्यवहार बंद करायचा, मग पाठवायचं.

पोचपावती कुणाची धरायची? एमक्यूटीटीची पोचपावती म्हणजे ब्रोकरने संदेश घेतला, इतकंच. डेटाबेसात उतरला याची ती हमी नाही. सर्व्हरने डेटाबेसात कमिट झाल्यावर उलट टपाली सांगायचं: अमुक पिढी, अमुक क्रमांकापर्यंत सलग मिळालं. गेटवेने तेवढंच ‘पोचलं’ धरायचं.

नेट परतलं की ताजं आणि थकबाकी हे दोन वेगळे विषय ठेवा. दोन तासांची थकबाकी १७,२८० ओळी. ५०० ची एक मोट दर दोन सेकंदांनी सोडली तर ३५ मोटा, ७० सेकंदांत फिटते, आणि ‘खोली तापतेय’ हा ताजा इशारा तिच्या मागे अडकत नाही. सर्व्हर बंद होऊन परत आला तर अकरा जण एकदम तुटून पडतात, म्हणून प्रत्येकाने सुरुवातीला ० ते १२० सेकंद कितीही, पण वेगवेगळं थांबायचं.

पाच_व्होल्ट

टनेलच्या अडचणीचं कारण तुम्हीच लिहिलंय: ‘तासाच्या वर कधीच नाही’.

वायरगार्ड हँडशेकच्या (दोन टोकांनी ओळख पटवण्याच्या) पहिल्या निरोपात वेळेचा शिक्का घालतो. समोरचा प्रत्येक जोडीदाराचा आजवरचा सर्वांत मोठा शिक्का लक्षात ठेवतो. त्याहून जुना किंवा तेवढाच शिक्का आला तर निरोप फेकून देतो, जुनाच निरोप कुणी पुन्हा पाठवू नये म्हणून. टनेल चालू असताना साधारण दर दोन मिनिटांनी नवा हँडशेक होतो.

पाय ४ मध्ये बॅटरीचं घड्याळ नाही. फेक-एचडब्ल्यूक्लॉक दर तासाला वेळ फाइलमध्ये लिहितो आणि सुरू होताना तीच लावतो. समजा त्याने १०:१७ ला वेळ लिहिली, वीज ११:०५ ला गेली, शेवटचा हँडशेक ११:०४ चा. वीज आल्यावर पायच्या मते १०:१७ वाजलेत. सर्व्हरकडे ११:०४ चा शिक्का आहे, तो दाद देत नाही. वेळ दुरुस्त करायला टनेल हवं आणि टनेलला वेळ हवी. पायचं घड्याळ आपल्या चालीने ११:०४ ओलांडेपर्यंत ४७ मिनिटं काहीच होत नाही. आणि तेवढ्या काळातल्या नोंदींवर आधीच्याच तासाची वेळ पडते, म्हणजे वर सांगितलेली ओव्हरराइटची भीती तुमच्याकडे खरीच आहे.

उपाय:

एनटीपी (नेटवरून वेळ जुळवायची सेवा) टनेलबाहेरून आणा. समय१ डॉट एनआयसी डॉट इन आणि समय२ डॉट एनआयसी डॉट इन हे एनआयसीचे (सरकारचं राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) सर्व्हर आहेत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही वेळ एनआयसी किंवा एनपीएलशी (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) जुळवायला सांगितलंय, त्यामुळे दोन्ही कामं होतात. वायरगार्डची सेवा वेळ जुळल्यानंतरच सुरू होईल असं सिस्टिमडीत (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा प्रोग्राम) बांधा.

डीएस३२३१ चं बॅटरीवर चालणारं घड्याळ लावा. पिन १ ला ३.३ व्होल्ट, ३ ला डेटा, ५ ला क्लॉक, ६ ला ग्राउंड. चूक ±२ पीपीएम, वर्षाला मिनिटभर. निळ्या रंगाचं स्वस्त मॉड्यूल चार्जिंगची सोय असलेलं येतं. त्यात साधा सीआर२०३२ सेल घालून ५ व्होल्ट दिले तर न चार्ज होणारा सेल चार्ज होऊन फुगतो. ३.३ वरच चालवा. नंतर फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाका, नाहीतर दोघं भांडतात.

उलटंही होतं. घड्याळ एकदा चुकून पुढच्या वर्षात गेलं आणि हँडशेक झाला, तर वेळ सुधारल्यावरही सर्व्हर ऐकत नाही. सर्व्हरवर तो पीअर (जोडीदाराची नोंद) काढून पुन्हा घातला की शिक्का विसरला जातो.

आता वीज आणि कार्ड.

१२ व्होल्ट ७ एएच बॅटरी, डीसी यूपीएस, त्यातून ४जी राउटरला थेट १२ आणि पायला बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणारा) ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर. बॅटरीत ८४ वॅट-तास, शिशाच्या बॅटरीतून निम्मेच काढायचे म्हणजे ४२. पाय आणि राउटर मिळून १० वॅट धरले तर कन्व्हर्टरची गळती जाऊन साडेतीन तास. ११.५ व्होल्टवर पाय रीतसर बंद करायचा.

इथे एक खोट हमखास राहते. पाय रीतसर बंद झाला, मग वीज आली, पण बॅटरी मधे असल्याने पायचे ५ व्होल्ट कधी तुटलेच नाहीत. पाय बंदच राहतो, कुणीतरी जाऊन प्लग काढेपर्यंत. म्हणून यूपीएस असा घ्या, जो बंद झाल्यावर ५ व्होल्ट खरोखर तोडतो आणि वीज आल्यावर परत देतो. विकत घेण्याआधी हे एकदा करून बघाच.

व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय खूण ठेवतो. व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड चालवा. उत्तर शून्याऐवजी ५०००५ असं आलं तर आत्ताही व्होल्टेज कमी आहे आणि आधीही होतं. बहुतेक वेळा दोष बारीक यूएसबी केबलचा निघतो.

कार्डावर फक्त ऑपरेटिंग सिस्टिम, तीही रास्पी-कॉन्फिगमधल्या ओव्हरले फाइल सिस्टिमने वाचण्यापुरती. जर्नलडीचे लॉग मेमरीत. नोंदी यूएसबीवरच्या एसएसडीत. पाय ४ च्या चारही यूएसबींना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, हे एसएसडी निवडताना लक्षात ठेवा. काही यूएसबी-साटा चिप यूएएस या वेगवान मोडमध्ये अडखळतात. डीमेसेजमध्ये (सिस्टिमचा लॉग) ‘यूएएस’ आणि ‘रीसेट’ एकत्र दिसलं तर यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स लावून यूएएस बंद करा. वेग थोडा घटतो, तुमच्या १० एमबीला काय फरक पडतो? आणि कार्ड विकत आणलं की आधी एफ३ ने (खरी क्षमता तपासणारा प्रोग्राम) पूर्ण भरून वाचून बघा. ३२ लिहिलेलं ८ निघतं.

शेजारधर्म

आता मूळ प्रश्न, प्रती.

‘किती’ च्या आधी ‘कशासाठी’ ठरवा. प्रत्येक प्रत एखाद्या नेमक्या मरणाविरुद्ध असते. तुमच्याकडे चार आहेत: कार्ड किंवा एसएसडी मेली, नेट गेलं, अख्खी जागा गेली (पाणी, आग, चोरी), सर्व्हर गेला.

विकेंद्रित साठवण म्हटलं की सगळे म्हणतात, शेजारच्या गेटवेवर प्रत ठेवा. चांगलं आहे, पण नेट नसताना शेजारी पोचतच नाही. त्या दोन तासांत नोंदीची एकच प्रत असते, आणि कार्डं मरायची वेळही तीच, कारण वीज आणि नेट जोडीने जातात. म्हणून दुसरी प्रत त्याच आवारात हवी. पाय झीरो २ डब्ल्यू, ५१२ एमबी मेमरी, त्यावर छोटा स्वीकारणारा प्रोग्राम. तो वेगळ्या पॅनेलमध्ये, वेगळ्या पॉवर सप्लायवर, शक्यतो जमिनीपासून उंच. मुख्य पायने २४ ओळींची प्रत्येक मोट स्थानिक वायफायने त्यालाही द्यायची. तिसरी सर्व्हरवर, चौथी दूरच्या शेजाऱ्याकडे.

शेजारी जवळचा निवडू नका. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी शहराच्या किती भागांत शिरलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पादऱ्याची प्रत नदीपलीकडे वाघोडियाला, वाघोडियाची करजणला, करजणची मंजुसरला, असं कडं करा. चार गोष्टी वेगळ्या आहेत का बघा: पाण्याची बाजू, विजेचा फीडर, सिमची कंपनी, एसएसडीचा लॉट. चौथी गोष्ट सगळे विसरतात. एकाच खोक्यातल्या अकरा ड्राइव्ह, सारखंच लिखाण, तर दमतीलही आगेमागेच.

लिहायची पद्धत: एका नोंदीचा एकच लेखक. पादऱ्याची नोंद पादराच लिहितो, बाकीचे फक्त सांभाळतात. एवढं पाळलं की संघर्षच उरत नाही, आणि एकमताच्या यंत्रणेची, राफ्ट किंवा ईटीसीडीची, गरज संपते. ईटीसीडी ४जीवर पसरवू नका. तिचा हार्टबीट १०० मिलिसेकंदांचा, निवडणुकीची मुदत १ सेकंदाची असते. सिग्नल डळमळला की नेता बदलत राहतो, आणि बहुमत नसलं की लिखाण थांबतं. तापमान नोंदवायला बहुमत कशाला हवं?

दर अर्ध्या तासाला नोंदींचा एक तुकडा बंद करा. तासाचा का नाही? यूटीसीच्या तासाची सीमा आपल्याकडे साडेला पडते, आणि आपली मध्यरात्र यूटीसीत १८:३० ला. तासाचा तुकडा केला तर रोजचा अहवाल तुकड्याच्या मधोमध कापावा लागतो. एका तुकड्यात ४,३२० ओळी, दिवसाला ४८ तुकडे. तुकडा झेडस्टँडर्डने दाबा, एसएचए-२५६ हॅश (मजकुराचा ठसा; एक अक्षर बदललं तरी बदलतो) काढा आणि तोच फाइलचं नाव. बंद तुकडा पुन्हा कधी बदलायचा नाही.

सोबत एक सूची फाइल: तुकड्याचा अनुक्रमांकांचा पल्ला, हॅश, आधीच्या सूची-ओळीचा हॅश, आणि ईडी२५५१९ ची डिजिटल सही. शेजारी दर १५ मिनिटांनी सूचीचं शेवटचं टोक जुळवतो, नसलेले तुकडे मागतो, आल्यावर हॅश मोजूनच पोचपावती देतो. आठवड्यातून एकदा सगळे तुकडे पुन्हा मोजायचे. नाव आणि हॅश जुळला नाही तर तो तुकडा दुसऱ्या प्रतीवरून आणायचा. ही तपासणी नसेल तर प्रत सडलेली आहे हे गरज पडल्याच दिवशी कळतं.

वितरकांच्या शंकेचं उत्तरही यातच आहे. रोज रात्री साखळीच्या टोकाचा हॅश अहवालाच्या मेलमध्ये ग्राहकाला पाठवा. तो त्याच्या पेटीत पडला की मागची एकही ओळ बदलता येत नाही, बदलली तर साखळी जुळणार नाही. ब्लॉकचेन लागत नाही. मात्र एक गोष्ट ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगा: साखळी ‘नंतर बदललं नाही’ एवढंच सिद्ध करते. सेन्सर मुळात दीड अंश चुकीचं दाखवत असेल तर ती चूकही तितकीच पक्की बांधली जाते. त्यासाठी कॅलिब्रेशनचा दाखलाच हवा.

आयपीएफएसबद्दल. त्यात फाइल घातली की ती आपोआप सगळीकडे जाते, हा मोठा गैरसमज आहे. ती तुमच्याच नोडवर असते. दुसऱ्याने मागितली तर त्याच्याकडे उतरते, आणि त्याने पिन केली (कायम ठेवायची खूण केली) नसेल तर सफाईत निघून जाते. पिन कुणी कुठे करायचं हे आयपीएफएस-क्लस्टर किंवा तुमचा स्वतःचा प्रोग्राम ठरवतो. म्हणजे वरचं सगळं काम उरतंच. शिवाय ते मजकूर कुलूपबंद करत नाही. खासगी जाळं करायचंच झालं तर सगळ्या नोडवर एकच स्वार्म की (सामायिक गुप्त चावी), बूटस्ट्रॅप यादी (बाहेरच्या नोडचे पत्ते) पूर्ण रिकामी, आणि ५००१ चं एपीआय पोर्ट चुकूनही बाहेर उघडं नको. फाइलकॉइन (पैसे देऊन इतरांच्या डिस्कवर साठवायचं जाळं) तुमच्यासाठी नाही. तिथलं सेक्टर ३२ किंवा ६४ जीआयबीचं, तुमचा दिवस १० एमबीचा.

प्रवाह

एवढं हाताने लिहिण्यापेक्षा नॅट्स जेटस्ट्रीम (संदेश साठवून पुढे देणारी तयार यंत्रणा) का नको? गेटवेवर लीफ नोड (केंद्राला जोडलेला छोटा सर्व्हर), त्यात फाइलवर चालणारी स्ट्रीम, केंद्रात त्याचा सोर्स. नेट गेलं तर स्थानिक स्ट्रीम चालू राहते, आलं की केंद्र राहिलेलं ओढून घेतं. क्रमांक, पोचपावती, पुन्हा पाठवणं सगळं तयार. अकरा जागा सांभाळणारा माणूस एकटा असेल तर स्वतःच्या कोडपेक्षा हे बरं.

आधी_डिस्क

सहमत, दोन अटींवर. एक, जेटस्ट्रीमचा सिंक-इंटरव्हल (डिस्कवर पक्कं उतरवायची पाळी) न सांगता दोन मिनिटांचा असतो. तेवढ्यात वीज गेली तर पोचपावती मिळालेला संदेशही डिस्कवर नसेल. तो ‘ऑलवेज’ करा. तुमचा वेग कमी आहे, एसएसडीला झेपेल. दोन, दुहेरी संदेश ओळखायची खिडकीही दोनच मिनिटांची असते. दोन तासांनी पुन्हा पाठवलेला संदेश त्यात सापडणार नाही, म्हणून डेटाबेसातली तीन भागांची की ठेवायचीच. लीफ नोडला वेगळं जेटस्ट्रीम डोमेन द्यायला विसरू नका.

शीतघर_पादरा

खूप आभार. फेक-एचडब्ल्यूक्लॉकचं तपासलं, शेवटच्या बंद-चालूच्या वेळा तंतोतंत जुळल्या.

तीन शंका. एका ग्राहकाच्या नोंदी दुसऱ्याच्या आवारातल्या डब्यात ठेवायच्या, त्याला ते मान्य होणार नाही. दुसरं, दोन्ही गेटवे मोबाइल सिमवर, बाहेरून आत येता येत नाही, मग शेजारी एकमेकांना गाठणार कसे? तिसरं, गॅरेज (अनेक जागांवर प्रती ठेवणारा साठवण प्रोग्राम) किंवा इरेजर कोडिंगने (पूर्ण प्रतींऐवजी भाग आणि काही जादा भाग वाटणं) जागा वाचेल का?

शेजारधर्म

पहिलं: तुकडा दाबल्यावर लिबसोडियम या कूटलेखन लायब्ररीच्या सील्ड बॉक्समध्ये बंद करा. आधी दाबायचं, मग कुलूप; कुलूपबंद मजकूर दाबला जात नाही. गेटवेवर फक्त ग्राहकाची सार्वजनिक चावी असते. खासगी चावी ग्राहकाकडे, आणि एक प्रत कागदावर छापून पाकिटात, तिजोरीत. गेटवे चोरीला गेला तरी बंद तुकडे उघडत नाहीत. सील्ड बॉक्स दर वेळी नवी तात्पुरती चावी वापरतो, त्यामुळे तोच तुकडा दोनदा बंद केला तर हॅश वेगळे येतात. एकदाच बंद करा, हॅश बंद केलेल्या फाइलचा काढा, आणि तीच फाइल सगळीकडे वाटा. आवारातला झीरो २ डब्ल्यू मात्र उघड्या ओळी ठेवतो, म्हणून तुकडा बंद होऊन पोचला की तिथल्या ओळी पुसायच्या.

दुसरं: सिमवर बहुतेक सीजीनॅट (अनेक सिमांमागे एकच बाहेरचा पत्ता) असतं, म्हणून सर्व्हरमार्गेच जावं लागेल. गेटवेकडे पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (वाट उघडी ठेवणारा निरोप) २५ सेकंद ठेवा, आणि मोठी पाकिटं अडकत असतील तर एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) १४२० वरून १२८० वर आणा. पण मग सर्व्हर बंद पडला की शेजारही तुटतो, विकेंद्रित फक्त नावापुरतं राहतं. म्हणून ऑफिसात स्थिर आयपीच्या ब्रॉडबँडवर दुसरा दुवा ठेवा. एकाच वायरगार्ड इंटरफेसवर दोन पीअरना तेच पत्ते देता येत नाहीत, शेवटी लिहिलेला पहिल्याचे काढून घेतो. दोन इंटरफेस, दोन वेगळे पत्त्यांचे पट्टे. प्रोग्रामने आधी एक, १० सेकंदांत उत्तर नाही तर दुसरा.

तिसरं: इरेजर कोडिंग मोठ्या साठ्याचं काम आहे. ४+२ मध्ये (चार भाग, दोन जादा) दीडपट जागेत दोन नोड गेले तरी निभावतं, तीन प्रतींना तिप्पट लागते. पण एक हरवलेला भाग परत बनवायला चार ठिकाणांहून चार भाग ओढावे लागतात, तेही ४जीवर. तुमचा स्वतःचा आणि एका शेजाऱ्याचा मिळून ९० दिवसांचा साठा न दाबताही दोन जीबीच्या आत आहे. वाचवायला काय आहे त्यात? गॅरेज चांगलं आहे, पण ऑफिस, सर्व्हर आणि एखादी तिसरी पक्क्या विजेची जागा अशा तिघांत. त्याचं एलएमडीबी डेटाबेस इंजिन अचानक वीज जाण्याने बिघडू शकतं, तिथे एसक्यूलाइट निवडा.

पुसण्याचा नियमही आताच लिहून ठेवा. मालकाने तुकडा पुसायचा तर सर्व्हर आणि शेजारी दोघांची पोचपावती हवी, शिवाय ९० दिवस झालेले हवेत. डिस्क ८० टक्के भरली की शेजाऱ्याचं नवं घेणं थांबवायचं, स्वतःचं चालू ठेवायचं. कुणाचंही न पोचलेलं पुसायचं नाही. ग्राहकाशी करारात मुदत जास्त असेल तर ९० च्या जागी ती.

पाच_व्होल्ट

बसवण्याआधी टेबलावर हे करा, अर्धा दिवस लागतो. लिखाण चालू असताना प्लग ५० वेळा उपटा, दर वेळी वेगळ्या क्षणी. नंतर एसक्यूलाइटची प्राग्मा इंटेग्रिटी-चेक ही तपासणी ‘ओके’ आली पाहिजे आणि अनुक्रमांकात मधेच भोक नको. शेवटची, अजून कमिट न झालेली मोट गेली तर चालेल. मग सिम काढून तीन तास ठेवा, घाला, आणि सर्व्हरवर ओळी मोजा: तीन तासांच्या २५,९२० आल्याच पाहिजेत, एक कमी नाही, एक जास्त नाही. मग एसएसडी काढून बाजूला ठेवा, कोरी लावा, आणि शेजाऱ्याच्या तुकड्यांवरून कालचा दिवस परत उभा करा. हे करताना तिजोरीतली कागदी चावी हाताने टाइप करून बघा. शून्य आणि ‘ओ’ सारखे दिसणाऱ्या फाँटात ती छापलेली असेल तर त्याच दिवशी बदलून घ्या.